चोवीस किलोचा व्याही

२ ऑक्टोबर, सकाळ
काल होणाऱ्या व्याह्यांशी फोनवर पहिल्यांदा बोललो. प्रोखोर इल्यिच. आमची आस्या त्यांच्या मात्वेयशी लग्न करणार आहे. गृहस्थ सैन्यात केटलबेलचे चॅम्पियन होते. आता साठीतही रोज सकाळी उचलतात म्हणे. मी सहज म्हणालो, मीसुद्धा. चोवीस किलोची. हे खोटं नाही, फक्त जरा आधी सांगितलं. ४ नोव्हेंबरच्या सुट्टीला ते लग्नाचं ठरवायला रिबिन्स्कला येणार. महिना आहे. महिन्यात लोक नवी भाषा शिकतात.

५ ऑक्टोबर
केटलबेल आणली. काळा लोखंडी गोळा, वर कडी. बाजाराच्या चाकांच्या पिशवीतून आणत होतो. पहिल्याच चौकात चाकं गेली. पुढे कडेवर. चौथ्या मजल्यापर्यंत प्रत्येक जिन्यावर थांबून खिडकीतून व्होल्गा पाहिली. विश्रांती नव्हे, निसर्ग. दार उघडल्यावर रिम्माने विचारलं, यात काय उकळायचं? बायकोला खेळातलं काही कळत नाही.

७ ऑक्टोबर
व्यायाम तत्त्वतः सुरू. सहाला उठणे, थंड पाणी, वीस वेळा उजवा हात, वीस वेळा डावा. आज आधी पद्धत समजून घेतली. चार व्हिडिओ, चहा, मधाचा केक. श्वास अगदी बरोबर जमतोय.

१० ऑक्टोबर, स. ६.४०
उचलली. गुडघ्यापर्यंत. मग खाली जायचा निर्णय तिचा तिनेच घेतला.
दहा मिनिटांत खालच्या मजल्यावरच्या कापितोलिना येगोरोव्ना वर आल्या. वय एक्क्याऐंशी. हातात लापशीचा वाडगा, लापशीत त्यांच्या छताचा तुकडा. मी समजावलं की जुनं बांधकाम आहे, असं कधीही होऊ शकतं. त्या म्हणाल्या, "वेनियामिन साव्विच, साठ वर्षं मी या छताखाली जेवतेय. ते काय तुमच्या व्यायामाची वाट बघत होतं?"
छत भरून द्यायचं कबूल केलं. त्या गेल्या. वाडगा इथेच ठेवून गेल्या.

१५ ऑक्टोबर
रिम्माने पिंपात कोबी खारवायला घातला आणि वर दडपण म्हणून माझी केटलबेल कापडात गुंडाळून ठेवली. मी कडक शब्दांत निषेध केला. ती म्हणाली, दोन आठवडे तरी हलवायची नाही. मी फार ताणलं नाही. घरात शांतता हवी.
पाठ बरी वाटतेय.

२३ ऑक्टोबर
आरशात खांदे रुंद दिसले. स्वेटर नवा आहे, पण तेवढ्यानेच असं होत नाही. मात्वेयच्या बापाचा फोन आला. विचारत होते, सराव कसा चाललाय. मी म्हणालो, खंड नाही. कोबी अजून दडपणाखालीच आहे, त्या अर्थाने खरंच खंड नाही.

३० ऑक्टोबर
कोबी तयार. केटलबेल मोकळी झाली, पण तिला असा वास येतोय की पाहुण्यांसमोर काढता येणार नाही. नाइलाजाने दुसरी आणली. आठ किलोची. रंग तोच. आकार किंचित लहान, पण दिवाणखान्याच्या दारातून पाहिलं तर कळत नाही. "८" घासून काढला. मोठी बाल्कनीत.

३ नोव्हेंबर, संध्याकाळ
पांढऱ्या रंगाने "२४" काढलं. छान आलंय. ही फसवणूक नाही, हे ध्येय आहे.
आस्या येऊन बघून गेली. म्हणाली, "बाबा, उद्या जरा साधेपणाने वागा. मला त्या घरात जन्म काढायचाय."
मुलगी घाबरलीय. लग्नाआधी होतं असं.

४ नोव्हेंबर, सायंकाळी
आले. दार भरून जाईल असा माणूस, आवाज मात्र हळू. हेरिंग मासे, सारण भरलेला पिरोग, कोबी. तिसऱ्या प्याल्यानंतर मी विषय काढला. केटलबेल एका हाताने डोक्यावर नेली. दोनदा. सकाळीच व्यायाम झालाय म्हणालो आणि त्यांच्याकडे दिली.
त्यांनी उचलली आणि क्षणभर थांबले. खालून दुसऱ्या हाताचा आधार दिला. माझ्याकडे पाहिलं. मग दात आवळून, सावकाश, चार वेळा वर नेली. खाली ठेवून मोठा श्वास सोडला. "वजनदार आहे, वेनियामिन साव्विच. रोज उचलता म्हणजे कमाल आहे."
नंतर हात खिशात घालून बसले. थकले असावेत. लग्न जूनमध्ये ठरलं. आस्याने निरोप देताना माझ्या गालाचा मुका घेतला.
चॅम्पियन म्हणे. वय कोणाला सोडत नाही. मी आणखी चार वेळा सहज उचलली असती, पण पाहुण्याला कशाला लाजवायचं?

६ नोव्हेंबर
आस्या व्याह्यांचं बंद पाकीट देऊन गेली. दिवाणखान्यात रिम्मा होती, म्हणून पॅसेजमध्ये उभ्याने वाचलं.
"सुरुवातीला आठ किलो अगदी योग्य. पाठ सरळ ठेवा. पाच वेळा डोक्यावर, मग विश्रांती. एक दिवसाआड. फेब्रुवारीत सोळा घेऊ. लोखंडावरचा रंग वाळायला दोन दिवस लागतात. माझ्या तळहातावर तुमचे चोवीस उमटले होते. मुलांना दिसलेले नाहीत. प्रोखोर."
रिम्माने विचारलं, काय लिहिलंय. म्हटलं, सगळ्यांना नमस्कार सांगितलाय.
दोनदा वाचलं. मग घडी करून खिशात ठेवलं.

७ नोव्हेंबर, स. ७.१०
आठ किलो. पाठ सरळ.
तीन वेळा.