'विंडो'पर्यंत

२ मार्च

चि. ढब्बू यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या घोरण्याबद्दल बायकोची तक्रार पोचली. ती खरी आहे. इकडची बातमी अशी, की मला ग्रंथालयात नोकरी मिळाली. एक एप्रिलला परगावी हजर व्हायचं आहे. बाबा म्हणाले, इंग्रजी शब्दांच्या जन्मकथांचं माझं पुस्तक 'विंडो'पर्यंत आणून दे, मग खुशाल जा. त्यांना आता अक्षर दिसत नाही. वाचणारी मी आणि लिहिणारीही मीच.

विंडोची कथा गोड आहे. उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांच्या भाषेत तो 'वाऱ्याचा डोळा'. भिंतीला नाहीतर छपराला भोक, एवढंच. काच पुढे आली. इंग्रजांचा स्वतःचा 'डोळ्याचं भोक' असा शब्द होता, पण पाहुण्याने यजमानालाच घराबाहेर काढलं. एवढं लिहून झालं, तर बाबा म्हणतात, का काढलं ते शोध. शोधतेच आहे. टेबलभर चिठ्ठ्या, त्या उडू नयेत म्हणून खिडक्या बंद, पंखाही बंद. माझा जीव गुदमरतो रे.

लोभ कमी करू नकोस, घोरणं कर.

ताई

९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

नोकरीचं वाचून असा नाचलो की खालच्या मजल्यावरचे वर आले. बाबांचं पुस्तक म्हणजे मारुतीचं शेपूट, तू त्याची वाट बघू नकोस. बाबांना सोबत वेगळं लिहिलं आहे: तुम्ही आमच्याकडे राहायला या, ताईला जाऊ द्या. वाचून दाखव.

तुझा लोभ आहे तोवर मला काळजी नाही.

ढब्बू

१६ मार्च

चि. ढब्बू यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ताईने वाचून दाखवलं. मी घर सोडणार नाही. ताईनेही नोकरीचा विचार सोडला आहे. तिचं मन इथेच रमतं. ती आजच नकार कळवते आहे. विंडो संपला. आता 'वर्ड', 'वर्क', 'वर्ल्ड' घेऊ. तू तिला उगाच भरीस घालू नकोस.

आमचा लोभ आहे, तुमचाही असू द्यावा.

बाबा

ता. क. ढब्बू, बाबा बोलले ते शब्द न् शब्द मी उतरवलं. माझं मन इथे रमतं, हेसुद्धा मीच लिहिलं. नकार कळवलेला नाही. मला फार भीती वाटते, की कळवीन. उत्तर पाठवू नकोस, ते मलाच मोठ्याने वाचावं लागेल. तू ये.