निळी शीर

आई,

हे पत्र मी पाठवणार नाही; तुमच्याशी भांडायचंही त्राण नाही. तुमच्या नातीच्या पायाचा एमआरआय झाला. जन्मापासून सुजलेल्या त्या पायावरची जाड निळी शीर तुमच्या डोळ्यांत खुपायची. "झाका ते, नाहीतर कापून टाका एकदाचं," असं उठताबसता म्हणायचात.

ती शीर काढायचं ऑपरेशन ठरलं होतं; त्याआधी डॉक्टरांनी एमआरआयचा फोटो दाखवला. रक्त वर नेणारी आतली मोठी शीर तिच्या पायात जन्मतःच नाही. ते सगळं काम ही निळीच करते. "हिला हात लावायचा नाही," म्हणाले.

घरी येऊन पोरीनं सुजेसाठीचा घट्ट मोजा उतरवला, शिरेवरून हळूच बोट फिरवलं आणि तिलाच म्हणाली, "आजीचं मनावर घेऊ नकोस हं."

तुमची,
दमलेली सून