खाडीत गोडं पाणी

१२ ऑगस्ट
वरच्या धरणाचे दरवाजे उघडले. खाडीचं पाणी तोंडात घेऊन पाहिलं — गोडं! मिठाचा मागमूस नाही. आमची कालवं शिंपले घट्ट मिटून बसलीत. नणंद विचारते, "वहिनी, किती दिवस तग धरतील गं?" हे गेल्यापासून असलं काही आलं की ती माझ्याच तोंडाकडे बघते. भाऊ तिचा, कालवांचा धंदा त्याचा — उत्तरं मात्र मी द्यायची.

१४ ऑगस्ट
पाणी अजून गोडंच. फळ्या तपासून तपासून माझी पाठ धरलीय.

२१ ऑगस्ट
गेली सगळी. कालवं वाढवायच्या फळ्यांवर आ वासून पडलीत. वास असा की नाकावरचा रुमाल काढवेना. खेकड्यांची मात्र चंगळ! बगळेही भरल्या पोटी चिखलात पेंगत होते.
नणंद एकेक फळी बाहेर ओढत होती, मी मेलेले शिंपले खरवडत होते. "कोपऱ्यातली राहू दे," एवढंच ती म्हणाली. ती फळी ह्यांनी शेवटची बांधलेली. तिला हात लावायचा धीर मलाही झाला नाही.
सोडून द्यावं सगळं. बहिणीकडे जाऊन राहावं, कोरड्या जमिनीवर. पण नणंदेला सांगू कसं? भावाचं एवढंच तर उरलंय तिच्याकडे.

१८ ऑक्टोबर
पाणी पुन्हा खारं झालंय. कोपऱ्यातल्या फळीवर, मेलेल्या शिंपल्यांवरच, नखाएवढी नवी कालवं चिकटलीत! बोट फिरवलं तर खरखरीत लागली. खालून बोय माशांची पोरं घोळक्यानं हिंडत होती. मला आनंद व्हायला हवा होता. मनात आलं काय — म्हणजे आता पुन्हा सगळं पहिल्यापासून.
नणंदेला दाखवलं. "वा!" म्हणाली आणि चिखलातच मटकन बसली.

१९ ऑक्टोबर
जेवता जेवता ती रडायलाच लागली. "वहिनी, मला शहरात काम मिळतंय. वर्षभरापासून बोलावतायत. पण दादाचं सगळं तू इतक्या जिवापाड सांभाळतेस, तुला एकटीला टाकून जाऊ कशी?"
"अगं बये, मी तुझ्यासाठी थांबलेय!"
मग दोघींना जे हसू फुटलं, ते आवरेचना.
ती शहरात जाईल, मी बहिणीकडे. फळी खाडीतच राहू दे. वाढतील ती कालवं आपली आपण.