शांत खोलीतली दहा मिनिटं

सोमवार, ३ तारीख
नवी शाळा, नवं पद. शिस्तीचा शिक्षक! आधीच्या शाळेत बाकं फेकणाऱ्या पोरांनी मला मेटाकुटीला आणलं होतं. इथे मुख्याध्यापिकाबाईंनी हसून चहा दिला आणि सांगितलं की ओरडायचं नाही, हात उगारायचा नाही. दंगा केला की पोराला शांत खोलीत दहा मिनिटं बसवायचं. दार आपण उघडायचं नाही, पोर आपणहून बाहेर येतं. खोली बघून आलो. एक बाक, पिवळ्या भिंती, खिडकी नाही. लेकीलाही इथेच चौथीत घातलंय. तिला मी भोंगा म्हणतो. तिची आई गेल्यापासून घरात तेवढाच आवाज आहे, आणि माझा जीव त्यातच आहे.

गुरुवार, ६
सातवीतल्या एका बडबड्याला सगळे रेडिओ म्हणतात. आज त्याने फळ्यावर माझं चित्र काढलं, पोटासकट. चित्र बरं होतं, पण माझा सलग सहावा तास होता आणि डोकं उठलं होतं. "जा आत," म्हटलं. दहा मिनिटांनी तो परत आला, फळा पुसला, जागेवर बसला. मला हायसं वाटलं.

मंगळवार, १८
आतापर्यंत चौदा पोरं आत जाऊन आली. वर्ग चिडीचूप. बाई खूश. आज रेडिओची आई भेटायला आली. तो वेळेवर जेवतो, अभ्यास करतो, पण परवा त्याचा मामा आला तर साधा हसलाही नाही म्हणे. जाताना म्हणाली, "पोरगं सुधारलं, सर. पण माझं होतं ते कुठं गेलं?" मी वाढत्या वयाचं काहीबाही सांगून वेळ मारून नेली. लाज वाटली.

शुक्रवार, २१
मधल्या सुट्टीत दाराला कान लावला. खोलीत कुणी नव्हतं, तरी आत गलका चालला होता. रेडिओ माझी नक्कल करत होता, बाकीचे खिदळत होते. दार उघडलं. रिकामा बाक. बाईंना सांगितलं तर त्या शांतपणे म्हणाल्या की तो आवाज कुठेतरी जायलाच हवा ना. आता कुणालाही आत पाठवणार नाही.

सोमवार, २४
माझ्या हातून—
चौथीच्या बाई रजेवर, वर्ग माझ्याकडे. आठवा तास. मागून कुणीतरी सारखं बोलत होतं. वर न बघताच, सवयीने, "जा आत" म्हणून गेलो. वह्या तपासत राहिलो. लक्षात आलं तेव्हा दहा मिनिटं होऊन— धावलो.
लेक बाहेर आली. हात मागे. "सॉरी, सर," म्हणाली.
सर.

मंगळवार, २५
घरात मी एकटाच बडबडतोय. ती मान डोलावते.

बुधवार, २६
शाळा सुटल्यावर आत आलोय. दार लावून घेतलं. वही मांडीवर.
ती इथेच आहे— वेणी घट्ट झाली म्हणून भांडतेय— म्हटलं, चल घरी. म्हणाली, "बाबा, तू नको थांबू इथं. पळ."
सहा मिनिटं. तिचा हात सापडत नाही—
आठ. थकवा कुठल्या कुठे गेला. कित्येक वर्षांनी.
नीट बसलोय. हात मागे घेतले की बरं वाटतं, पण मग लिहिता—
कुणाची तरी लहान मुलगी रडतेय. बाबा, बाबा करतेय. कुणाची आहे कोण जाणे. तिला सांगायला हवं, शाळेत असा दंगा