शंकरचा डबा

चौसाळा, मंगळवार, संध्याकाळ

हात तीनदा धुतले तरी वास जात नाही. आणि कानातून शंकरच्या डब्याचा आवाज जात नाही.

आफ्रिकन स्वाईन फीव्हर. औषध नाही, म्हणून गावातली सगळी डुकरं मारून पुरायची. पण मोकाट जनावरं पकडणार कशी? त्यांचा मालक शंकर रोज दिवस मावळताना पत्र्याचा डबा वाजवतो, की ती खायला मिळणार म्हणून नाल्यातून पळत येतात. आज आमच्या पशुवैद्यकीय पथकासाठी मी तो भर दुपारी वाजवायला लावला. सगळी आली. नेहमीसारखीच, पळत. चारपर्यंत आम्ही चुना टाकून खड्डा बुजवला.

मग मीच म्हणाले, "शंकर, अजून एकदा वाजव. एखादं राहिलं असेल."

"आता कोण ऱ्हायलंय मॅडम," तो म्हणाला. पण वाजवला.

बाभळीतून चार डुकरं आली. हळूहळू, झोकांड्या खात, कान जांभळे पडलेले. प्रत्येकाच्या डाव्या कानाला शंकरच्या खुणेची दुहेरी चीर.

"तू तर सगळी दिली म्हणालास?"

"पहिलं मेलं तवा इकलती. मांजरसुंब्याकडच्या एकाला. चालत आली वाटतं."

चालत. वाटेत किती वस्त्या, किती उकिरडे? आधीच का नाही विचारलं मी?

"किती विकलीस?"

"सात."

मी निघाले तेव्हा तो डबा वाजवतच होता. बाभळीतून काहीच येत नव्हतं.