थेंब आता मावशी घालेल

ठमाबाई,

जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे. मी मावशीकडे राहायला गेलेय, कायमची. कपाटातला माझा कप्पा रिकामा दिसला तर घाबरू नकोस. अक्षरं ओळ सोडून पळाली असतील, सांभाळून वाच.

काल तू त्या लॅब टेक्निशियनच्या कोर्सचे गोडवे गात होतीस. अगं, माझं बोट कापलं तर तोंड फिरवणारी तू, रक्त तपासायला शिकणार? आणि कोर्स कसा आहे म्हणून विचारलं की तुझं एकच उत्तर, घरापासून पायी जाता येतं. घरांचे आराखडे शिकवणाऱ्या त्या लांबच्या कॉलेजबद्दल मात्र टेबलं खिडकीपाशी आहेत, उजेड डावीकडून येतो, इथपर्यंत सांगून झालं होतं. माझे डोळे अधू झालेत बाई, कान नाहीत.

माझ्या डोळ्यांत वेळच्या वेळी थेंब घालायला घरात कुणी हवं, म्हणून तू थांबतेयस. ते काम आता मावशीकडे गेलं. प्रवेशाची मुदत आज संध्याकाळी संपते. जेवलीस की आधी तिकडची जागा पक्की कर. मला न्यायला येऊ नकोस, मावशीला दार उघडू नको म्हणून बजावलंय.

तिचा हात थरथरतो, अर्धे थेंब गालावरच सांडतात. रात्री फोनवर माझे गाल ओले दिसले, तर थेंबच आहेत असं समज.

आई