न फुटणारा आकडा

४ नोव्हेंबर

नातीचं कॉम्प्युटरचं यंत्र माझ्याच खोलीत राहणार! मुलाला तोंडावर सांगितलं. घुर्रघुर्र करतं म्हणे — करू दे. त्याचा बाप याहून मोठ्याने घोरायचा, त्याला कुठे बाहेर काढला होता?

नात त्यावर एक आकडा तपासतेय. लिहायला घेतला तर घरातल्या भिंती पुरायच्या नाहीत एवढा. तो फुटतो का, हे बघायचंय.

५ नोव्हेंबर

फुटणं म्हणजे काय ते नातीने बापाच्या कुलपांच्या दुकानात दाखवलं. बारा कोऱ्या चाव्या खिळ्यांना अडकवल्या — तीन ओळी, सारख्या. मग तेरा. कशाही लावा, ओळी सारख्या होतच नाहीत! मुलगा ओरडला, "खेळ आवरा, गिऱ्हाईक आलंय."

न फुटणारा तेरा मला आवडला.

९ नोव्हेंबर

यंत्राला एक आणि शून्य, दोनच अक्षरं येतात. माझ्याहून कमी शिकलेलं! त्याच्या लिपीत नातीचा आकडा म्हणजे नुसते एक, एकापुढे एक, कोट्यवधी. ते एक किती, ती संख्याही न फुटणारी लागते. ती फुटली की आकडा फुटलाच. पण ती टिकली म्हणून आकडा टिकेलच असं नाही. हे मला लगेच कळलं. आईबाप शहाणे म्हणून पोरगं शहाणं निघतं थोडंच? पुरावा दुकानात बसलाय.

त्या पुराव्याने आज अट घातली. आकडा फुटला तर यंत्र विकायचं, पोरीने गणित सोडून गल्ल्यावर बसायचं. आणि ही हो म्हणून मोकळी! मूर्ख कुठली.

१४ नोव्हेंबर

नात बजावून गेली, "आजी, यावर काही ठेवू नकोस हं. कोंडून तापलं तर उत्तर चुकतं, मग सगळं पहिल्यापासून."

मला काय वेड लागलंय?

२ डिसेंबर

फुटला.

कितीच्या ओळींत, ते यंत्र सांगत नाही. फुटतो, एवढंच. मी म्हटलं, हा कुठला न्याय! तर नात म्हणते, "तसंच असतं, आजी. न फोडताही कळतं."

रडली नाही. जेवलीही नाही.

३ डिसेंबर

मुलगा यंत्र विकत घेणाऱ्याला घेऊनच आला. वायरी काढायला वाकला तेव्हा मी म्हटलं, "थांब. मी रोज त्यावर ओली शाल वाळत घालत होते."

"आई!!"

"ऊब छान येते त्याची."

कपाळावर हात मारून बसला. पण तपासणीच धड झाली नाही, तर अट कसली? घेणारा आल्या पावली परत गेला. नात माझ्याकडे नुसती बघत राहिली.

४ डिसेंबर

नात दार लोटून माझ्याजवळ बसली. "शाल तर महिनाभर तुझ्या अंगावरच होती."

"मग जा, सांग बापाला."

गेली नाही. यंत्र सुरू केलं. म्हणाली, "तो खरंच फुटलाय, आजी. दुसरा लावलाय. त्याच्याहून मोठा."